ताकदीची बाटली आणि कुळथाची पिठी

पावसाळा लागला की आमच्या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत ताप, खोकला, जुलाब यांच्या जोडीने एक मागणी हमखास येते. "डॉक्टर, अशक्तपणा फार आलाय, एक ताकदीची बाटली लावा." ताकदीची बाटली म्हणजे अमिनो आम्लांचे सलाईन. आमच्या खेड तालुक्यातल्या वाड्यावाड्यांत हा शब्द आता इतका मुरला आहे की, शाळेची पायरी न चढलेल्या आजीबाईसुद्धा "अमिनो लावा" म्हणतात. कोविडनंतर तर औषधांच्या दुकानात पावडरींच्या डब्यांची रांगच लागली. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'इम्युनिटी', आणि मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी. त्या यादीत कित्येकदा पहिला मान साखरेचा किंवा माल्टोडेक्स्ट्रिनचा असतो. जो घटक सर्वांत जास्त, तो यादीत आधी लिहितात, एवढे वाचकांनी लक्षात ठेवले तरी बरेच पैसे वाचतील.

मात्र बाटली मागणाऱ्या माणसाला हसण्यात अर्थ नाही. अमिनो आम्लांचा रक्ताशी आणि प्रतिकारशक्तीशी खरोखरच जवळचा संबंध आहे. आम्ही वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो त्यापेक्षा तो कितीतरी खोल आहे, असे गेल्या वीसेक वर्षांतल्या संशोधनाने दाखवले आहे. म्हणूनच तो नीट समजून घ्यायला हवा. समजला, तर बाटली कशाला नको आणि ताटात काय हवे, हे डॉक्टरने सांगण्याची वेळ येणार नाही.

आपल्या अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, दर सेकंदाला सुमारे वीस लाख लाल पेशी तयार होतात. एकेका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे सत्तावीस कोटी रेणू. एका रेणूत चार साखळ्या, आणि चारही मिळून ५७४ अमिनो आम्ले. शिवाय न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रोज दहा हजार कोटींच्या घरात बनतात आणि बहुतेक सगळ्या दिवस-दोन दिवसांत संपतात. हा कारखाना पंचमीला, गणपतीला, शिमग्यालाही बंद नसतो, आणि त्याला लागणारा कच्चा माल आपण खातो त्या प्रथिनांतून येतो. प्रथिने पचली की त्यांची वीस प्रकारची अमिनो आम्ले सुटी होतात. त्यांतली नऊ शरीराला बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळवावी लागतात.

हिमोग्लोबिनला तांबडा रंग देणारा 'हीम' हा भागही एका अमिनो आम्लापासून सुरू होतो. त्याचे नाव ग्लायसिन. हे कळले कसे, ती गोष्ट मजेशीर आहे. न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठात डेव्हिड शेमिन नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी जड नायट्रोजनची खूण केलेले ६६ ग्रॅम ग्लायसिन तीन दिवसांत स्वतःच खाल्ले आणि मग कित्येक महिने स्वतःचेच रक्त तपासत राहिले. खुणेचा नायट्रोजन हीममध्ये दिसू लागला आणि चारेक महिन्यांनी उतरू लागला. त्यावरून लाल पेशीचे आयुष्य सुमारे १२७ दिवस असते, असे गणित त्यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केले. आज पाठ्यपुस्तकात जे १२० दिवस लिहिलेले असतात, ते याच्याशी जुळते.

हे झाले विटांचे काम. 'प्रथिने म्हणजे शरीराच्या विटा' हे वाक्य शाळेतल्या फळ्यावर सगळ्यांनी वाचलेले आहे. नवे संशोधन सांगते की, या विटा गवंड्याला निरोपही देतात.

अस्थिमज्जेतल्या एकाच प्रकारच्या मूलपेशीपासून लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट असे सगळे रक्त घडते. कोवळ्या पेशीने कुठल्या वाटेने जायचे, हे हार्मोन ठरवतात असे आम्ही शिकलो. मूत्रपिंडातून येणारे एरिथ्रोपोएटिन म्हणाले 'लाल हो', की पेशी लाल होणार. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये मानवी मूलपेशींवर प्रयोग केला. एरिथ्रोपोएटिन दिले, पण ग्लुटामाईन हे अमिनो आम्ल वापरण्याची पेशींची वाट अडवली. हुकूम मिळूनही पेशी लाल होईनात, त्या पांढऱ्या पेशींच्या एका शाखेकडे वळल्या. म्हणजे हुकूम पुरेसा नव्हता. कोठारात काय आहे, हेही पेशी पाहत होती.

दोन वर्षांनी जपान आणि अमेरिकेतल्या गटाने उंदरांच्या आहारातून फक्त व्हॅलिन हे एक अमिनो आम्ल काढून टाकले. बाकी सगळे पोटभर. काही आठवड्यांत त्यांच्या अस्थिमज्जेतल्या मूलपेशी इतक्या घटल्या की, किरणोत्सार न करताही दुसऱ्या उंदराच्या मूलपेशी तिथे रुजवता आल्या. नंतर व्हॅलिन एकदम पुन्हा सुरू केल्यावर त्यांतले बरेच उंदीर दगावले, तेव्हा घरी कुणी असले पथ्य करू नये. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हेही खरे. पण वीसांतले एक कमी पडले तर उरलेली एकोणीस काय करू शकत नाहीत, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा मला माहीत नाही.

रक्ताच्या कॅन्सरच्या उपचारात हीच गोष्ट आपण औषध म्हणून वापरतो. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातल्या पेशींना अॅस्परजिन पुरेसे बनवता येत नाही, त्या रक्तातल्या आयत्या अॅस्परजिनवर जगतात. अॅस्परजिनेज हे इंजेक्शन रक्तातले अॅस्परजिन नष्ट करते आणि त्या पेशी उपाशी मरतात. कोकणातून मुले घेऊन परळच्या टाटा रुग्णालयाच्या वाऱ्या केलेल्या आईबापांना हे नाव चांगले ठाऊक असेल.

आता प्रतिकारशक्ती. जंतू आत शिरला की टी-पेशी नावाच्या सैनिक पेशींना झपाट्याने एकाच्या हजार व्हावे लागते. त्याआधी त्या खात्री करून घेतात की शिधा आहे का. ही चौकशी करणारे यंत्र पेशीत आहे, त्याचे नाव एमटॉर. ल्युसिन, आर्जिनिन अशी अमिनो आम्ले पुरेशी असली की एमटॉर चालू होते, आणि पेशी वाढते, विभागते. शिधा कमी असला की जीसीएन-२ नावाचा दुसरा पहारेकरी 'थांबा' म्हणतो.

एमटॉरचा शोध लागला तो एका औषधामुळे. पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावरची माती १९६४-६५ मध्ये कॅनडात नेली गेली. तिच्यातल्या जिवाणूपासून सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने रॅपामायसिन वेगळे काढले. कंपनीने मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद केली, तेव्हा या गृहस्थांनी जिवाणूच्या कुप्या घरच्या फ्रीजरमध्ये सांभाळून ठेवल्या. पुढे कळले की हे औषध नेमके पेशीतल्या त्या शिधा-तपासनिसालाच गप्प करते, आणि तो गप्प झाला की प्रतिकारशक्ती मंदावते. आज मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना, शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून, सिरोलिमस या नावाने तेच देतात. पेशीला शिधा नसल्याचे भासवले तरी सैन्य बसून राहते. मग खरोखरच शिधा नसेल तर काय होत असेल, याचा विचार वाचकांनी करावा.

आमच्या भागात याचे उत्तर क्षयरोगात दिसते. क्षयाचा जंतू शरीरात असला की आपल्या पेशी एक जुनी युक्ती वापरतात. गॅमा इंटरफेरॉनचा इशारा मिळताच त्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे तुकडे करू लागतात, म्हणजे शत्रूचे रेशन तोडायचे. इतर काही जंतू यामुळे खरोखर उपाशी पडतात. क्षयाचा जंतू मात्र ट्रिप्टोफॅन स्वतःच बनवतो, हे २०१३ मध्ये सिद्ध झाले. शत्रू जेवतो आहे आणि रेशन मात्र आपल्याच टी-पेशींचे तुटते. त्यातच महिनोन्महिने ताप. तापात शरीर स्नायू वितळवून अमिनो आम्ले मोकळी करते आणि यकृताला, पांढऱ्या पेशींना पुरवते. क्षयरोग्याचे दंड आणि मांड्या आधी का जातात, याचे कारण हे. खाल्लेले पुरत नाही म्हणून अंगावरचे मोडून खाणे चालू असते.

अशा माणसाला बाटली लावली तर? पाच टक्क्यांची दोनशे मिलिलिटरची बाटली घेतली, तर तिच्यात दहा ग्रॅम अमिनो आम्ले असतात. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने. म्हणजे बाटली दोन अंड्यांनाही पुरी पडत नाही. शिवाय पोटात भात-भाकरीची ऊर्जा नसेल तर शरीर ती अमिनो आम्ले सरळ जाळून टाकते, रक्त घडवायला ठेवत नाही. ज्याचे आतडे चालत नाही, मोठे ऑपरेशन झाले आहे, त्याला शिरेतून पोषण द्यावेच लागते, ते तज्ज्ञ पाहतात. चालत-बोलत ओपीडीत आलेल्या माणसाला बाटलीची गरज जवळजवळ कधीच नसते. बाटली, सुई आणि लावणाऱ्याचे पैसे धरले तर तेवढ्यात घरी कितीतरी दिवस डाळ शिजते. बाटलीनंतर तरतरी येते, हे खरे. त्यातला मोठा वाटा पाण्या-मिठाचा आणि तासभर शांत पडून राहण्याचा असतो.

सुट्या अमिनो आम्लांच्या पावडरींचेही असेच. ग्लुटामाईन पांढऱ्या पेशींचे आवडते इंधन, म्हणून अतिदक्षता विभागातल्या अत्यवस्थ रुग्णांना ते जास्त मात्रेत देऊन पाहिले गेले. बाराशेहून अधिक रुग्णांचा हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि निकाल उलटा लागला. ग्लुटामाईन मिळालेल्यांत मृत्यू अधिक झाले. दुसरीकडे सिकलसेलच्या रुग्णांसाठी त्याच ग्लुटामाईनला अमेरिकेत २०१७ मध्ये औषध म्हणून मान्यता मिळाली. सिकलसेल हा आजारच मुळी एका अमिनो आम्लाचा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते, आणि गडचिरोली-नंदुरबारकडची कुटुंबे त्याचे भोग पिढ्यान्‌पिढ्या भोगतात. कुणाला, कधी, किती, हे ठरवल्याशिवाय पावडर म्हणजे नुसती पांढरी भुकटी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने तर डब्याला हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारावेच.

रक्त ताटातून घडते, हे जगाला शिकवण्यात मुंबईचा मोठा वाटा आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि हाफकिन संस्थेत राहून गरोदर बायकांच्या एका विचित्र पंडुरोगाचा अभ्यास करू लागली. त्यात लाल पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या आणि अपक्व असत. गिरणीत राबणाऱ्या गरीब बायकांना तो जास्त होई. त्या काळी गिरणगावात रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे किती होती, हे आमच्याकडच्या घरोघरच्या आजोबांना विचारा. विल्सबाईंनी त्या बायकांना यीस्टचा अर्क, मार्माइट, खायला दिला आणि रक्त सुधारले. १९३१ मध्ये त्यांनी ते जाहीर केले. त्या अर्कातला अनामिक घटक काही काळ 'विल्स फॅक्टर' म्हणून ओळखला गेला. पुढे तोच फॉलिक आम्ल ठरला, आज आपण गरोदर बाईला देतो तो. फॉलिक आम्ल पेशीत काय करते? सेरिन या अमिनो आम्लाकडून कार्बनचा एक तुकडा उचलते आणि डीएनएच्या बांधणीला पोचवते. तो पोचला नाही तर पेशीचे केंद्रक पिकत नाही. गोळी आणि ताट दोघांचे काम असे एकमेकांत अडकलेले आहे.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आढळले. त्यात लोहाची कमतरता हे मोठे कारण आहे. फॉलिक आम्ल आणि बी-१२ही आहेत. नुसत्या प्रथिनांच्या कमतरतेने होणारा रक्तक्षय सहसा सौम्य असतो. तेव्हा हा लेख वाचून कुणी लोहाची गोळी बंद करून कुळीथ खात बसू नये. शाळेतली निळी गोळी मुलींनी घ्यायचीच. पण गोळीतल्या लोहाला बसायला हिमोग्लोबिनची साखळी लागते, आणि ती गोळीत नसते.

ताटाने क्षय खरोखर अडतो का, याचे उत्तर झारखंडमध्ये मिळाले. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी तिथे चार जिल्ह्यांत २८०० क्षयरुग्णांची कुटुंबे घेतली. सगळ्या रुग्णांना शिधा दिला. निम्म्या भागात घरातल्या इतरांनाही माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्याने होणारा क्षय ३९ टक्क्यांनी कमी, आणि थुंकीत जंतू सापडणारा फुप्फुसाचा क्षय ४८ टक्क्यांनी कमी. नवी लस नाही, नवे औषध नाही, दीड किलो डाळ. रुग्णांमध्येही, पहिल्या दोन महिन्यांत वजन पाच टक्क्यांनी वाढले तर मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. मी आता क्षयरुग्णाच्या कार्डावर औषधाच्या आधी वजनाचा रकाना पाहतो.

गेल्या पावसाळ्यात मुंबईहून परत आलेला एक तरुण होता. वजन ४१ किलो. आई म्हणाली, "साहेब, जेवतो की, दोन वेळा पोटभर भात जेवतो." खोटे नव्हते. भात, वर पातळ आमटी, कधी लोणचे. तांदळात प्रथिने सात-आठ टक्के, आणि त्यातही लायसिन हे अमिनो आम्ल तोकडे. डाळी-कडधान्यांत लायसिन भरपूर असते, पण मेथिओनिन कमी. ते भातात असते. दोघे एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून काढतात. आमच्या आज्यांनी हे रसायनशास्त्र न शिकता पिठी-भात केला, काळ्या वाटाण्याची आमटी केली, वालाचे बिरडे केले. कुळथात बावीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. जून-जुलैत मासेमारी बंद, हर्णैहून ताजी मासळी येत नाही, म्हणून मे महिन्यात सुकट, बोंबील भरून ठेवायचे. सुकटीच्या वजनात निम्म्याहून जास्त प्रथिने असतात. रक्तदाबवाल्यांनी खारवलेले मासे जपून खावेत, एवढेच.

पण आता कुळीथ पेरतो कोण? भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ, पावटा, वाल निघत असे. घरात माणसे नाहीत, जी आहेत ती म्हातारी, आणि पेरलेच तर माकडे आणि डुकरे ठेवत नाहीत. लोटे-परशुरामच्या कंपन्यांत जाणाऱ्याच्या डब्यातही भात आणि बटाटाच जास्त. कुळीथ आता गावातही विकत आणावा लागतो, आणि तो स्वस्त राहिलेला नाही. तेव्हा 'पारंपरिक आहार घ्या' असे सांगून डॉक्टरने मोकळे होणे मला पटत नाही.

इथे सरकारचे काम सुरू होते. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळते, ही मोठीच गोष्ट आहे. त्याने पोट भरते. पण तांदळा-गव्हाने लायसिन भरत नाही. क्षयरुग्णाला निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. चांगले झाले. मात्र घरात पाच माणसे असली तर त्या हजारात एकट्या रुग्णासाठी वेगळे अंडे कुठली आई उकडते? ती सगळ्यांच्या ताटात वाटते, आणि वाटलेच पाहिजे, कारण पुढचा रुग्ण त्याच ताटांपैकी एकावर बसलेला असतो. निक्षय मित्र होऊन शिधा देणारे दानशूर आहेत, त्यांचे आभार. पण दाता मिळाला तर डाळ, नाही तर नाही, असे औषधाच्या बाबतीत आपण चालवून घेऊ का?

शाळांचेही तेच. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू केले. न खाणाऱ्यांना केळे. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला आणि लोकसहभागातून द्या असे सांगितले. अंड्यावरचे वाद मला माहीत आहेत, ज्याला नको त्याला कुणी आग्रह करत नाही. परंतु अंड्याच्या प्रथिनात नऊही आवश्यक अमिनो आम्ले पुऱ्या प्रमाणात असतात, आणि धनगरवाडीवरून डोंगर उतरून शाळेत येणाऱ्या मुलाला लोकसहभाग देणारे लोक वाडीत नसतात, ते मुंबईत असतात. माझ्या मते हा निर्णय चुकीचा आहे आणि तो फिरवायला हवा.

क्षयरुग्णाच्या घरासाठी मागणी साधी आहे. रेशन दुकानातच, उपचार चालू असेपर्यंत, त्या घरातल्या प्रत्येकाच्या नावे महिन्याला दीड किलो डाळ किंवा कुळीथ. पाच माणसांच्या घराला साडेसात किलो. उपचार सहा महिन्यांचा, म्हणजे पंचेचाळीस किलो. कुळीथ स्थानिक शेतकऱ्यांकडून घेतला तर पडीक पडलेल्या चार वाफ्यांत पुन्हा पेरणी होईल. तोवर ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी एवढे करावे : पिठी पाण्यासारखी पातळ न करता घट्ट करा, भाताच्या निम्मी तरी वाढा, शक्य असेल तर दिवसाला दोन अंडी, आणि दर महिन्याला वजन करायला या. वजनकाटा दवाखान्याच्या दारातच ठेवलेला आहे, त्याला केसपेपर लागत नाही.